दुसऱ्याचे ओले कपडे

श्रावण संपत आला होता आणि घरात एकही चादर कोरडी नव्हती. बेळगावचा पाऊस एकदा कोसळून मोकळा होत नाही, तो मुक्कामाला येतो. दिवसभर झिमझिम चालू राहते, दोरीवरचा परकर तिसऱ्या दिवशीही हाताला गार लागतो आणि चौथ्या दिवशी त्याला कुबट वास येऊ लागतो. गणपतीला पुण्याहून दिरांचे कुटुंब येणार होते, अंथरुणे-पांघरुणे काढून ठेवायची होती आणि नेमके त्याच आठवड्यात घरचे धुलाईयंत्र बंद पडले. म्हणून मी दोन पिशव्या भरल्या, रिक्षा केली आणि टिळकवाडीत, वसतिगृहांच्या गल्लीत नव्याने निघालेल्या त्या स्वयंसेवा लाँड्रीत जाऊन उभी राहिले. भिंतीला लागून चार यंत्रे, त्यांच्यावर चार वाळवणयंत्रे, मध्ये एक पत्र्याचे टेबल आणि पैसे भरण्यासाठी चिकटवलेला क्यूआर कोड. देखरेखीला माणूस म्हणावा असा कोणी नाही. चारपैकी तीन यंत्रे फिरत होती. चौथे थांबलेले होते, आकड्याच्या जागी शून्य दिसत होते, आणि काचेच्या गोल दारामागे कुणाचे तरी पिळून निघालेले कपडे भिंतीला चिकटून बसले होते.

मी वाट पाहिली. निदान त्या वेळी तरी मला तसे वाटले. मग इकडेतिकडे पाहिले, बाकावर बसलेल्या दोन मुलांना माझ्या बाजारी कन्नडमध्ये विचारले, "इवु यार अरिबी री?" हे कपडे कुणाचे? त्यांनी मान हलवली. त्यांतला एक मराठीत म्हणाला, "बाहेर काढून ठेवा की वो, कोण काय म्हणत नाही." मला तेवढीच परवानगी पुरेशी वाटली. मी दार उघडले, ते कपडे दोन्ही हातांनी कवेत घेऊन बाहेर काढले आणि टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले. एक पांढरा एप्रन होता, दोन कुडते, टॉवेल, आणि आतले कपडे, जे मी घाईने टॉवेलखाली सरकवले. माझी पहिली चादर मी यंत्रात घालत होते तोच ती मुलगी आली. वीस-एकवीस वर्षांची, केस ओले, हातात दुधाची पिशवी. तिने टेबलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी मराठीत सुरुवात केली, मध्येच कन्नडवर गेले आणि शेवटी हिंदीत अडकले. ती शांतपणे म्हणाली, "इर्ली बिडरी, आंटी." असू द्या. एवढेच. तेवढ्यात पलीकडचे यंत्र रिकामे झाले. तिने ते सगळे कपडे उचलले, त्या यंत्रात घातले, मोबाइल काढून पुन्हा पैसे भरले आणि स्वच्छ धुऊन निघालेले कपडे पुन्हा धुवायला लावून, माझ्याकडे पाठ करून बसली.

ती चिडली असती तर बरे झाले असते.

घरी आल्यावर मी स्वतःची बाजू मांडत राहिले, ऐकायला कोणी नसताना. बाहेर चार माणसे खोळंबलेली असताना यंत्र अडवून दूध आणायला जाणे शिष्टाचाराला धरून नव्हते. मी विचारले होते. मी दहा मिनिटे थांबले होते. रात्री मोबाइलमध्ये दुसरेच काही शोधताना हे शेवटचे विधान कोसळले. यंत्र थांबलेले पाहून मी बहिणीला फोन लावला होता, 'आता यंत्र मिळेल' म्हणून. त्या फोनची वेळ होती ११.०७. माझे पैसे गेल्याचा बँकेचा संदेश होता ११.११ चा. म्हणजे चार मिनिटे. त्यांतही काही क्षण त्या यंत्राचे कुलूप सुटण्यात गेले असतील, कारण फिरणे थांबले तरी त्या जातीच्या यंत्राचे दार लगेच उघडत नाही. दुसऱ्याची दहा मिनिटे आणि आपली चार मिनिटे यांची लांबी इतकी सारखी कशी काय होते, कोण जाणे.

पण खरे टोचत होते ते वेळेचे गणित नव्हते. तिने ते कपडे पुन्हा का धुतले, हे होते. टेबलाच्या ज्या कोपऱ्यावर मी ते ठेवले तिथे कुणाची तरी छत्री नुकतीच टेकून ठेवलेली होती आणि पत्र्यावर पाण्याचे गढूळ ओघळ होते, हे मला नंतर आठवले. टेबलाखाली प्लॅस्टिकची एक रिकामी टोपली होती, तीही नंतरच आठवली. पांढरा एप्रन घालणारी मुलगी, वैद्यकीय किंवा नर्सिंगची विद्यार्थिनी असणार. तिला त्या डागाची किळस वाटली असेल. किंवा टेबल कितीही स्वच्छ असते तरी तिने ते धुतलेच असते, कारण त्यांना माझा हात लागला होता. या दोन शक्यतांपैकी पहिली मला सोयीची होती. दुसरीकडे मन पुन्हा पुन्हा जात राहिले, कारण असे न बोलता पुन्हा धुतलेले कपडे मी पूर्वी एकदा पाहिले होते आणि तेव्हाही हात माझाच होता.

माझे आजोळ खानापूरचे. तिथला पाऊस बेळगावला लाजवणारा. घाट जवळ, कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा अजून अंगाने कोवळी, आणि आषाढात तीच तांबड्या मातीने माखून निघालेली. आजोळच्या माजघरात एक वळण टांगलेले असे, इतके उंच की त्यावर काठीनेच कपडा टाकायचा आणि काठीनेच काढायचा. आजीचे सोवळ्याचे लुगडे तिथे वाळे. पावसाळ्यात ते वाळता वाळत नसे. मग शेगडीतल्या निखाऱ्यांवर बांबूची मोठी टोपली पालथी घालून त्यावर इतर कपडे सुकवीत, पण ते लुगडे मात्र तिथे येत नसे. ते वर, एकटे, आपल्या वेळेने वाळत राही. मी सातआठ वर्षांची असताना एका दुपारी त्याचा लोंबणारा पदर उडी मारून धरला. खोडी म्हणून नव्हे. तो खरेच वेगळा लागतो का ते पाहायचे होते. लागला नाही. ओल्या सुती कापडासारखाच लागला. आजीने पाहिले, ती काही बोलली नाही, काठीने लुगडे खाली ओढले, विहिरीवर गेली आणि ते पुन्हा बुडवून, पिळून, पुन्हा वर टाकले. त्या दिवशी तिचे जेवण उशिरा झाले. मला ना मार पडला ना बोल लागला, आणि तरी पन्नास वर्षांनी टिळकवाडीत एका अनोळखी मुलीने यंत्राचे दार लावले तेव्हा माझ्या कानाशी विहिरीचा रहाट वाजला.

आम्ही ज्याला सोवळे म्हणतो त्याला कन्नडमध्ये 'मडी' म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ धुतलेले वस्त्र असाही आहे, आणि कपडे धुणारा तो 'मडिवाळ'. शुद्धीचे नाव ज्याच्या धंद्यात आहे त्याच्याच हातचे कपडे आमच्या आजोळी सोवळ्यात चालत नसत. परटीण आठवड्याला धुणे घेऊन जाई. तिच्याकडून आलेल्या प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याने काढलेली बारीक खूण असे, आमच्या घरची दोन टिंबे आणि एक आडवी रेघ. गावातल्या इतक्या घरांचे धुणे एकत्र भट्टीला लागत असून आमचा रुमाल कधी दुसऱ्याकडे गेला नाही. पण तिने आणलेले धोतर आजोबांना पूजेला नेसायचे असेल तर आधी विहिरीवर पुन्हा खंगाळले जाई, आणि तेही तिच्या डोळ्यांदेखत, ती ओसरीवर कपडे मोजून देत असताना. तेव्हा त्यात काही वावगे आहे असे कुणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही. आता तिचा चेहरा आठवू पाहते तर आठवत नाही, फक्त पाण्याने पांढरी पडलेली बोटे आठवतात. ज्यांनी आयुष्यभर खराटा हाती धरून महाराष्ट्राला स्वच्छता शिकवली ते गाडगेबाबा परटाच्याच घरात जन्मले होते. आणि इकडे, बाराव्या शतकातल्या बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्तांमध्ये, मडिवाळ माचिदेव होऊन गेले. त्यांच्याविषयी सांगतात की शरणांची धुतलेली वस्त्रे घेऊन जाताना वाटेत कुणाचा स्पर्श होऊ नये म्हणून ते फार जपत. म्हणजे 'मला शिवू नका' हे म्हणण्याचा अधिकार एका परटाने स्वतःकडे घेतला होता. ही कथा मी प्रथम ऐकली तेव्हा मला हसू आले होते. नंतर आले नाही.

नदीवरची रीत मात्र मला अजूनही सुंदर वाटते, तिच्यातला काळा भाग वगळून. आणि तो वगळता येत नाही हेही मला ठाऊक आहे. मलप्रभेच्या काठी प्रत्येकीचा दगड ठरलेला असे. कुणी लिहून दिलेला नव्हे, पण ठरलेला. नवी सून आली की ती आधी मागे थांबे, मग कुणीतरी वयस्क बाई म्हणे, "ये ग, हितं बस," आणि तो तिचा दगड होई. साबणाचे पाणी आपल्या खालच्या बाजूला जाईल असे बसायचे, शेजारणीच्या खंगाळलेल्या कपड्यांवर आपले शिंतोडे उडतील इतके जोरात आपटायचे नाही, बाळाचे लंगोट सर्वांचे आटोपल्यावर सगळ्यांत खाली जाऊन धुवायचे. आणि एक रीत अशी, जिचा मला त्या दिवसापासून सारखा विचार करावा लागला आहे. कुणाच्या हातून चोळी-रुमाल निसटून प्रवाहाला लागला की वरची बाई ओरडे आणि खालची, हातातले काम टाकून, पाण्यात उतरून तो पकडी. मग तो तिच्या दगडावर, पसरून, वरून छोटा गोटा ठेवून सांभाळला जाई. त्या वेळी कुणाचा हात कशाला लागला हे कुणी विचारीत नसे. विचारले तर कपडा वाहून जाई.

प्रवाहाच्या वरची आणि खालची बाजू मात्र फक्त साबणाच्या हिशेबाने ठरलेली नव्हती. घाटाच्या पायऱ्या संपून जिथे चिखल सुरू होई, जिथे गुरे पाण्यावर येत, तिथेही काही बायका धुणे धूत. त्यांना 'ये ग, हितं बस' असे कुणी म्हटलेले मी ऐकले नाही. लहानपणी मला वाटे, त्यांना तिथेच आवडत असेल. वाहून गेलेला आमचा एखादा कपडा त्यांच्यापर्यंत पोहोचला तर त्याही तो पकडत, पण आणून देत नसत. काठावरच्या झुडपावर टाकून दूर होत.

लाँड्रीतला हा सगळा व्यवहार आपल्याकडे फार तर कालचा आहे. अमेरिकेत, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात, १९३४ साली कुणीतरी विजेवर चालणारी चार यंत्रे मांडून ती तासाच्या भाड्याने लोकांना वापरायला दिली, तिथून ही प्रथा सुरू झाली असे मानतात. म्हणजे तिकडे कुणी किती वेळ थांबावे, कुणाच्या कपड्यांना कधी हात लावावा याचे अलिखित संकेत रुजायला नव्वद वर्षे मिळाली. आपण घाटावरचे संकेत घाटावरच ठेवून आलो आणि यंत्रांपुढे अगदी नवखे होऊन उभे राहिलो. त्या भिंतीवर नियमांचा एक तक्ता आहे, कन्नड आणि इंग्रजीत. त्याखाली कुणीतरी बॉलपेनने मराठीत भर घातली आहे: 'खिसे तपासा. सुपारी आत टाकू नका.' सीमाभागात पाट्यांच्या भाषेवरून काय काय होते ते मी इथल्या वाचकांना सांगायला नको. पण ही ओळ अजून कुणी खोडलेली नाही, आणि लिहिणाऱ्याच्या मनात त्या क्षणी सुपारीखेरीज दुसरा कोणताही प्रश्न नसावा असे मला वाटते.

मी नंतर तिथे बऱ्याच वेळा गेले. घरचे यंत्र दुरुस्त होऊन आले तरी गेले, हे नवऱ्याला अजून कळलेले नाही. बसून पाहण्यासारखे तिथे पुष्कळ असते. कुणीतरी घरची हाताने धुण्याची पावडर मूठभर ओतते, आणि समोरून दार असलेल्या यंत्राला तेवढा फेस सोसत नाही. दाराच्या कडेतून, पावडरीच्या खणातून तो पांढरा लोट बाहेर येतो आणि पुढच्या माणसाच्या कपड्यांतही तो साबण उरतो. कुणी पिंप ठासून भरते. ही यंत्रे कपडे वर नेऊन खाली आपटतात, म्हणजे मुळात धोपटण्याचेच काम करतात, आणि आपटायला मोकळी जागा राहिली नाही तर कपडे नुसतेच भिजून बाहेर येतात, मग ते गृहस्थ यंत्राला शिव्या देत दुसऱ्यांदा लावतात आणि मागची रांग आणखी थांबते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गुलालाने भरलेले सदरे घेऊन आलेल्या चार पोरांना एका गृहिणीने दारातच अडवले. "आधी घरी बादलीत बुडवून आणा," ती म्हणाली, आणि ते निमूट परत गेले. तिचा तो अधिकार कुठून आला मला सांगता येणार नाही, पण तो होता. उलट, पिशवी ठेवून दोन-दोन यंत्रे धरून ठेवणाऱ्या एका सभ्य गृहस्थांना कुणीच काही बोलले नाही. मीही नाही. त्यांच्या शर्टाची इस्त्री कडक होती.

वाळवणयंत्राच्या जाळीवर प्रत्येक खेपेला तंतूंचा एक मऊ थर जमतो, करड्या रंगाचा, बोटाने ओढला तर लोकरीच्या पापुद्र्यासारखा अखंड निघून येणारा. तो काढला नाही तर गरम हवा नीट फिरत नाही आणि पुढच्याचे पैसे भरूनही कपडे ओलसर राहतात. ज्याचा थर त्याने काढावा, इतका साधा हिशेब. तरी दहांतले सहा जण तो तसाच सोडून जातात. पहिल्यांदा मी तो आधीच्याच्या नावाने बोटे मोडत काढला. आता मुकाट्याने काढते, आणि कबूल करायला हरकत नाही, तो हातात आला की क्षणभर चुरगाळत राहते. त्यात कुणाच्या टॉवेलचे, कुणाच्या साडीचे, कुणाच्या उशीच्या अभ्र्याचे तंतू असतात, आणि त्यांवर कुणाचीच खूण नसते.

ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही. दिसली असती तर काय बोलले असते याची मी तयारी मात्र केली होती, कन्नडमध्ये, शेजारच्या वहिनींकडून क्रियापदे नीट करून घेऊन. त्या ऐकून म्हणाल्या, "एवढं कशाला? चार कपडे तर होते."

दसऱ्याच्या आधी मी वाकळ धुवायला काढली. जुन्या शहापुरी साड्यांचे थर घालून सासूबाईंनी शिवलेली ती वाकळ भिजली की दोघांनाही उचलत नाही, घरच्या यंत्रात ती जाणे शक्यच नाही. लाँड्रीतल्या मोठ्या यंत्रात ती धुतली गेली, वाळवणयंत्रात घातली, पडद्यावर चाळीस मिनिटे दिसली आणि मी बाजारात जाऊन येते म्हणून निघाले. मोबाइलवर गजर लावला होता. पण पहिल्या रेल्वे गेटाशी ओळखीच्या बाई भेटल्या, गजर पिशवीच्या तळाशी वाजून गेला, आणि मी परत आले तेव्हा चांगला तासभर उलटला होता. माझ्या यंत्रात दुसऱ्याच कुणाचे कपडे गरगरत होते. वाकळ टेबलावर होती. ओघळांच्या कोपऱ्यावर नव्हे, मधोमध, खाली वर्तमानपत्र घालून. आणि तिची घडी घातलेली होती. आठ पदरी, कडा जुळवून, वरचे टाके आत जातील अशी. एकट्या माणसाने ती घडी घालायची म्हणजे टेबलाभोवती दोनदा फिरावे लागले असणार. मी हात ठेवला. ती आतून अजून गरम होती.

मला बरे वाटले, हे खरे आहे. आणि त्याच वेळी माझ्या हातांनी काय केले तेही खरे आहे. त्यांनी ती घडी उलगडली. मी वाकळीचे एक टोक धरून ती झटकली, पाऊस नसलेल्या दारातून येणाऱ्या उजेडात धरून पाहिली, नाकाशी नेली, आणि मग आमच्या घरी जशी घालतात तशी, लांबीला तिहेरी आणि मग गुंडाळी, अशी नव्याने घालू लागले. अर्धी झाली तेव्हा बाकावरून कुणीतरी उठल्यासारखे वाटले. अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, कानातली तार काढून हातात घेतलेला.

"घडी चुकली काय हो, आजी?" त्याने विचारले.

"नाही रे बाळा, नीट होती," मी म्हणाले. हात थांबवायचे मला सुचले नाही.